शिरसाठ सिस्टरांचा आकडा

आमच्या हॉस्पिटलात सकाळी सातच्या सुमारास कुणी तुमच्या पायाचा अंगठा दाबला, की समजायचं आपण आता अधिकृतपणे आजारी झालो. केसपेपर निघालेला असू दे, खाट मिळालेली असू दे, हाताला सलाईन लागलेलं असू दे, शिरसाठ सिस्टरांनी अंगठा दाबून "काय, झोप लागली का?" असं विचारल्याखेरीज त्यांच्या वहीत तुमची गणती होत नसे. तीनशे खाटांचं हॉस्पिटल. सगळ्या वॉर्डांतून ही फेरी मारायला त्यांना दीड तास लागायचा. फेरी संपली की आपल्या, म्हणजे मेट्रनच्या, खोलीत उभ्याउभ्याच वही उघडायच्या आणि त्या दिवसाचा आकडा लिहायच्या. कॉम्प्युटरवरचा आकडा वेगळा निघाला, तर कॉम्प्युटर चुकलेला असायचा.

"हात लावल्याबिगर आकडा न्हाई," हे त्यांचं वाक्य. नव्या नर्स मुलींना त्या हे इंजेक्शनच्या आधी शिकवत.

मी वरच्या मजल्यावर, मेडिकल कॉलेजच्या डीनच्या ऑफिसात क्लार्क होतो. नगर आणि पाथर्डीच्या मधल्या माळावर आमचं कॉलेज आणि त्याला जोडलेलं हे हॉस्पिटल. माझ्याकडे तपासणीच्या फायली. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉलेजांना परवानगी देणाऱ्या संस्थेची समिती दरवर्षी येते. शिकवणारे किती, यंत्रं किती, आणि मुख्य म्हणजे खाटांवर पेशंट किती, ते बघून जाते. आम्हाला दोनशे दहा खाटा भरलेल्या लागत. त्या भरल्या तर नव्या वर्षाचे विद्यार्थी येणार, विद्यार्थी आले तर कॉलेज चालणार, आणि कॉलेज चाललं तरच खालचं हॉस्पिटल चालणार. नाहीतर दोन्हीला कुलूप, असं ट्रस्टनं स्वच्छ सांगून ठेवलं होतं. तेव्हा त्या एका आकड्यावर आम्हा सगळ्यांचा जीव टांगलेला असे, आणि आकडा लिहिणारी बाई ही अशी.

मला तिथं सगळे भाऊसाहेब म्हणत. सिस्टरही म्हणत, पण त्यांच्या तोंडून ते चिमटा काढल्यासारखं यायचं. "भाऊसायेब, आज कंची खोटी फाईल चाललीय?" असं त्या जिन्यात भर लोकांत विचारत. मी हसण्यावारी नेत असे. नेणार नाही तर काय करणार? फाईल बहुतेक वेळा तसलीच असायची.

दिसायला सिस्टर साध्या. बुटक्या, काटक, कपाळावर बारीक कुंकू. बाकीच्या सगळ्या नर्सेस कधीच्या पँट-कुर्त्यावर आल्या होत्या, ह्या मात्र शेवटपर्यंत पांढऱ्या पातळात, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. चहा बशीतून, तोही उभ्यानं. त्यांच्या खोलीत एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम चादरींचा गठ्ठा. "खुर्ची रिकामी दिसली की मानूस बसतं, आन् बसलं की मोजायला दुसऱ्याला धाडतं," असं त्यांचं म्हणणं. पाथर्डीच्या पूर्वेकडच्या एका वस्तीवरच्या त्या. जन्मगाव कुणी विचारलं तर म्हणत, "कोपीत झाले. कंच्या कारखान्याच्या, ते आईला बी आठवत न्हाई." ऊसतोडीला गेलेली माणसं फडाजवळ पाचटाची खोपटी घालून राहतात, त्याला कोपी म्हणतात. तिथं जन्मलेली ही पोर आश्रमशाळेत शिकली, नर्स झाली आणि पुढे तीनशे खाटांची मेट्रन झाली. हे त्यांनी स्वतः कधी कौतुकानं सांगितलं नाही. आम्हीच एकमेकांना सांगायचो.

हाडांच्या विभागाला एक तरुण प्रोफेसर आले होते. हुशार, तडफदार, जरा तिखट. त्यांना हे अंगठे दाबणं अडाणीपणाचं वाटे. "सिस्टर, इथं मॉनिटर आहेत, तुमची ही प्रथा बंद करा," असं त्यांनी एकदा राउंडला सगळ्यांदेखत सुनावलं. सिस्टर "बरं सायेब" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सातला फेरीवर निघाल्या. प्लॅस्टर घातलेला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर गाढ झोपलेला होता. सिस्टरांनी त्याचा अंगठा दाबला आणि तसाच धरून ठेवला. "ह्यो अंगठा गार हाय," त्या म्हणाल्या. ड्युटीवरचा शिकाऊ डॉक्टर म्हणाला की बीपी, नाडी सगळं ठीक आहे. सिस्टर तशाच चालत्या झाल्या आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. प्रोफेसर बाहेर येताच त्यांचा कोटच धरला. प्रोफेसर चिडून आले, अंगठ्याला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. प्लॅस्टर आवळून पायाचं रक्त अडलं होतं, ते तिथंच, खाटेवरच कापलं. थोडा आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

त्या दिवसापासून प्रोफेसर विद्यार्थ्यांना सांगू लागले की पेशंटकडे जाण्याआधी सिस्टरांना विचारा. सिस्टरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी त्या शिकाऊ डॉक्टरला पकडून दिवसभर तासातासाला त्याच अंगठ्याला हात लावायला लावला.

आता पाहुण्यांची गोष्ट. तपासणी अचानक असते. पण ती अचानक होणार हे कुठून तरी आदल्या दिवशी कळतं, निदान त्या वर्षी तरी कळलं. आमचे व्यवस्थापक दरेकर साहेब. वाईट माणूस नव्हे, पण आकड्यानं घाबरून गेलेला. त्यांनी पहाटे तीन जीपा आसपासच्या गावांत धाडल्या आणि पस्तीस माणसं आणून रिकाम्या खाटांवर निजवली. अंगावर ब्लँकेट, दुपारी जेवण, संध्याकाळी परत पोचवणार. सातला सिस्टर फेरीवर आल्या. पहिल्याच गड्याचा अंगठा दाबून विचारलं, "काय हुतंय?"

"काय न्हाई बाई. झोपा म्हनले म्हनून झोपलोय."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी बीपीचं यंत्र मागवलं, रक्त काढणाऱ्या मुलीला बोलावलं, आणि पस्तीसच्या पस्तीस जणांना एकेक करून तपासायला लावलं. "झोपलाच हाईस तर हात पुढं कर," असं प्रत्येकाला. त्यातून चौदा जण खरोखरचे आजारी निघाले. कुणाचं बीपी चढलेलं, कुणाच्या अंगात रक्तच नाही, दोघांना मोतीबिंदू, आणि एका बाईच्या छातीत गाठ, जी तिनं वर्षभर घरात कुणाला सांगितली नव्हती. त्या चौदांचे रीतसर केसपेपर निघाले. उरलेल्यांसाठी सिस्टरांनी वहीत पट्टीनं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'पाहुणे'. खाली, एकवीस.

दरेकर साहेबांनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, पाहुणे हा काय रकाना झाला?"

"जे आजारी न्हाईत आन् जेवून जानार हायेत, त्यास्नी आमच्यात पाव्हनं म्हनत्यात," सिस्टर म्हणाल्या.

त्या वर्षी समितीनं वही उघडलीच नाही, खाटा मोजल्या आणि गेली. परवानगी मिळाली. गाठीच्या बाईचं ऑपरेशन झालं आणि ती वाचली. मला मात्र राहून राहून वाटत राहिलं की खोट्या पेशंटांना खरं करून घेणारी बाई मी आयुष्यात दुसरी पाहणार नाही. पाहिलीही नाही.

खरी वेळ आली ती दोन वर्षांनी. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक येतो, मुकादम हॉर्न वाजवतो, आणि गाव हा हा म्हणता रिकामं होतं. त्या आठवड्यात आमच्याकडे कुणी खाटेवर राहत नाही. ताप असला तरी माणूस उठून जातो, कारण ट्रक चुकला तर त्याचा हंगामच गेला. हे पाथर्डीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे, पण बाहेरगावच्या समितीला कुठून असणार? ती नेमकी त्याच आठवड्यात, ह्यावेळी खरोखरीच अचानक, साडेअकराला येऊन धडकली.

साडेअकरा ही आमच्याकडे जेवायची वेळ. उठता येणारे सगळे पेशंट डबे घेऊन बाहेर निंबाखाली नातेवाइकांत जाऊन बसतात. समितीनं आत खाटांवरची डोकी मोजली. त्यात भर म्हणून बाळंतिणींच्या वॉर्डच्या दारात आमची हिराबाई आया आडवी झाली. आत बाळांना तेल लावणं, बायांना शेक देणं चाललेलं, आणि समितीत तिघेही पुरुष. "आत बाया हायेत, पुरुषांनी यायचं न्हाई," असं तिनं ठणकावलं आणि दार लावून घेतलं. समितीनं लिहिलं, प्रसूती विभाग बंद आढळला. एकूण पेशंट एकशे चार. नव्या वर्षाची परवानगी नाकारली.

कॉलेज हायकोर्टात गेलं. वकिलांनी सांगितलं की त्या दिवशी आपल्याकडे किती पेशंट होते त्याचं प्रतिज्ञापत्र द्या. ते टाईप केलं मी. आकडा दरेकर साहेबांनी सांगितला, दोनशे एक्क्याऐंशी. खाली मेट्रनची सही हवी होती, म्हणून मी तो इंग्रजी कागद घेऊन सिस्टरांकडे गेलो आणि त्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी वही काढून ते पान उघडलं. एकशे सदुसष्ट.

"वरल्या एकशेचौदा मानसांला म्या हात लावला न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी लावला का?"

"नाही सिस्टर."

"मंग मला कशापायी इचारताय?"

कागद तसाच परत आला. त्याच्यावर दरेकर साहेबांनी सही केली. मी टाईप करणारा, मला काय, असं मी स्वतःची समजूत घालत राहिलो. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे कबूल करतो.

कोर्टात दोन आकडे समोरासमोर आले. समिती म्हणते एकशे चार, कॉलेज म्हणतं दोनशे एक्क्याऐंशी. न्यायमूर्तींनी दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे बघितलं म्हणे, आणि आदेश दिला की हॉस्पिटलची मूळ वही आणा, आणि ती जो कोणी लिहितो त्यालाही घेऊन या.

दरेकर साहेब सिस्टरांच्या खोलीत आले तेव्हा मी तिथंच होतो. आधी त्यांनी सुचवलं की वही सापडत नाही असं सांगता येईल. "माझी वस्तू हरवत न्हाई," सिस्टर म्हणाल्या. मग साहेब आवाज खाली आणून बोलले, आणि ते खोटं बोलत नव्हते. "सिस्टर, तुमच्या ह्या एका आकड्यानं हॉस्पिटल बंद पडेल. मग तुमच्या पाथर्डीच्या बाया बाळंतपणाला कुठं जातील, ते तुम्हीच सांगा."

ते निघून गेल्यावर सिस्टरांनी चादरींचा गठ्ठा खाली ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो. मी गठ्ठा उचलून कपाटात ठेवला.

कोर्टाच्या दिवशी नगरहून आम्ही दोघं एसटीनं संभाजीनगरला निघालो. कॉलेजची गाडी जात होती, पण सिस्टरांनी तीत बसायला नकार दिला. दोन-तीन वर्षांची ती जाडजूड वही त्यांनी धुतलेल्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. नेवासा फाटा मागं पडला. मग खिडकीबाहेर बघत आपणहून बोलल्या. "भाऊसायेब, माझ्या आईला पोरं धा झाली का अकरा, ते कुनाला ठावं न्हाई. कोपीत झाली, कोपीत गेली. एकदा म्या इचारलं तर म्हनाली, बाय, कुनी मोजलंच न्हाई गं." एवढंच. मी तेव्हा जे ओळखलं ते आजवर विसरलो नाही. ही बाई हॉस्पिटलातली वही लिहीत नव्हती, दुसरंच काहीतरी लिहीत होती.

कोर्टाचं दालन भरलेलं. दोन न्यायमूर्ती, त्यांत एक बाई. आमची वेळ आली आणि समितीच्या वकिलानं वही हातात मिळताच नेमका तो जुना 'पाहुणे'चा रकाना शोधून काढला. इंग्रजीत तो रंगून सांगू लागला, आणि आमच्या वकिलांचा घाम मला मागच्या बाकावरून दिसत होता. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी त्याला थांबवलं आणि मराठीतच सिस्टरांना विचारलं, "हे पाहुणे कोण?"

सिस्टरांनी सगळं सांगितलं. जीपा, ब्लँकेट, जेवण, चौदा आजारी, एकवीस पाहुणे. काही लपवलं नाही. दरेकर साहेब माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते.

"मग त्या दिवशी, समिती आली तेव्हा, पेशंट किती होते?"

"एकशे सदुसष्ट."

"म्हणजे कॉलेज खोटं बोलतंय?"

"व्हय."

"आणि समिती?"

"त्येंचा बी आकडा खोटा हाय सायेब. त्यांनी दारात हुबं राहून मोजलं. आमची मानसं निंबाखाली जेवत हुती. बाळंतिनी आत हुत्या. हिराबाईनं त्यांला आत सोडलं न्हाई, ते तिनं बराबर केलं. पर त्यांनी यखाद्या डॉक्टरीनबाईला धाडायचं हुतं का न्हाई? कुनालाच धाडलं न्हाई, कुनाला हातच लावला न्हाई."

दालनात थोडी खसखस पिकली. बाई न्यायमूर्ती मात्र पान निरखून बघत होत्या. त्यांनी वही जरा वर उचलली. "इथं आधी एकशे अडुसष्ट लिहिलंय आणि ते खोडलंय. का खोडलं?"

"म्होरं लिवलंय," सिस्टर म्हणाल्या.

न्यायमूर्तींनी ते मोठ्यानं वाचलं. 'मंदाबाई आव्हाड, टोळीबरोबर गेली. सुई फाट्यावर काढली.'

"म्हणजे काय?"

"तिला सलाईन चालू हुतं. म्या हात लावून मोजली. तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला आन् ती बाटली काढून पळाली, सुई हातात तशीच. म्या फाट्यापोतर पळत गेले, सुई काढली, गोळ्या दिल्या. परत येऊन एक कमी केला."

समितीचा वकील पुढचा प्रश्न विचारायला उठला होता, तो खाली बसला. मी सिस्टरांबरोबर एका इमारतीत इतकी वर्षं काढली होती, तरी त्या क्षणी मला वाटलं की आपण ह्यांना आजच बघतोय.

निकाल दोघांच्याही कानशिलात बसला. कॉलेजनं खोटं प्रतिज्ञापत्र मागं घ्यावं आणि पुन्हा असं झालं तर परिणाम भोगावे, आणि समितीनं परवानगी नाकारली तो आदेश रद्द. दोन महिन्यांच्या आत, न कळवता, नव्यानं तपासणी करा. नुसती एका तासाची डोकी मोजू नका, वही बघा, आणि समितीत एक तरी बाई असू द्या. परतीच्या एसटीत सिस्टरांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची काही खूण नव्हती. एकदाच त्यांनी विचारलं, "आकडा भरला न्हाई आन् वार्ड बंद पडला, तर ते माज्या डोस्क्यावर का हो?"

टोळ्या गेलेल्या, वॉर्ड ओस पडलेले. आकडा दीडशेच्या आसपास घोटाळत होता. आठ दिवसांनी सिस्टरांनी दरेकर साहेबांकडे जीप मागितली. साहेबांना वाटलं, आली बाई वळणावर. सिस्टर रोज दुपारी ड्युटी संपली की जीप घेऊन पूर्वेच्या वस्त्यांवर जाऊ लागल्या. तिथं हंगामात घरी असतात ती म्हातारी माणसं आणि नातवंडं. म्हाताऱ्यांना मोतीबिंदू, हर्निया, दमा सगळं असतं, पण दवाखान्यात आणणारं कुणी उरलेलं नसतं. एवढी वर्षं हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सिस्टर ओट्यावर बसून त्यांना तपासायच्या, शेजारच्या बाईला नातवंडं सांभाळायला लावायच्या आणि म्हाताऱ्याला जीपमध्ये घालायच्या. "अमक्या वारी घरी आनून सोडीन," असा प्रत्येकाला शब्द. त्याशिवाय कुणी यायला तयारच नसे. आकडा चढत गेला. महिनाभरात दोनशे पार झाला, आणि दोनशे अकरा झाला तेव्हा दरेकर साहेबांनी स्वतःच्या हातानं सिस्टरांना चहा आणून दिला.

आणि दुसऱ्याच दिवशी तोंडी हुकूम निघाला. समिती कोणत्याही दिवशी येईल, तोवर डिस्चार्ज बंद.

बुधवारी संध्याकाळी मी हजेरीचे कागद घेऊन मेट्रनच्या खोलीत गेलो तर साहेब तिथंच होते. दुसऱ्या दिवशी चौघांना सोडायचं ठरलं होतं. त्यांत एक रखमाआजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, जिची दोन नातवंडं शेजारणीकडे आजीची वाट बघत होती. तिला गुरुवारचा शब्द दिलेला.

"चार गेले की दोनशे सात. दोनशे दहाच्या खाली," साहेब म्हणाले. ते जवळजवळ रडकुंडीला आले होते. "चार दिवस थांबवा. म्हातारीला काय फरक पडतो?"

"ती बरी झालीय."

"सिस्टर, उद्या एकाला जरी सोडलंत ना, तर परवापासून येऊ नका."

"बरं," सिस्टर म्हणाल्या, आणि वही मिटून कपाटात ठेवली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. समिती नेमकी त्या गुरुवारीच आली. कोर्टानं सांगितल्याप्रमाणे तिनं महिन्याभराची वही पानं उलटून बघितली, संध्याकाळपर्यंत वॉर्डांतून फिरली. परवानगी मिळाली, मागितल्या होत्या त्याहून कमी जागांची, पण मिळाली. हॉस्पिटल आजही चालू आहे. सिस्टर त्या गुरुवारनंतर कामावर आल्या नाहीत. जीपच्या ड्रायव्हरबरोबर उरलेल्या रजेचा अर्ज आला, आणि रजा संपायच्या आधीच त्यांच्या निवृत्तीची तारीख आली. परवानगीचं पत्र आलं त्या दिवशी मी फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, "वार्ड चालू हाय न्हवं?" मी हो म्हणालो. "मंग झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गुरुवारी सकाळी, गेटवर. समितीची गाडी दिसली की वर फोन करायचा म्हणून मला तिथं उभं केलं होतं. नऊ वाजले असतील. आतून जीप आली. पुढे ड्रायव्हरशेजारी सिस्टर, मागे दोन म्हातारे आणि एक म्हातारी, आणि सिस्टरांच्या अंगाला टेकून डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली रखमाआजी. त्याच वेळी बाहेरून एक पांढरी गाडी गेटात शिरली. आमचं गेट अरुंद, दोन गाड्या निघत नाहीत. दोन्ही समोरासमोर थांबल्या. मी हातातला फोन लावायचाही विसरलो.

पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. आत एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "मेट्रन कुठं भेटतील?"

"म्याच," सिस्टर म्हणाल्या. "सात वाजता दोनशे अकरा हुते. हे चौघं घरी चाललेत. आता आत दोनशे सात हायेत. वही कपाटात हाय, हे भाऊसायेब काढून देतील."

डॉक्टरबाईंनी जीपमधल्या माणसांकडे बघितलं. दोनशे दहाचा नियम त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. "आज सोडताय ह्यांना?" त्यांनी विचारलं. "आजच?"

"आज बरे झाल्यात," सिस्टर म्हणाल्या.

बाईंनी आपल्या ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला, आणि समितीची गाडी मागे मागे सरकत पार रस्त्यापर्यंत गेली आणि जीप निघून जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.